लळिंगच्या घाटात फुटलेली लोणच्याची बरणी

अमळनेरहून नाशिकला निघालेल्या भाड्याच्या गाडीत लोणच्याची बरणी फुटली आणि चालकानं त्याचे १८,००० रुपये मागितले. प्रकरण एवढंच. रक्कम इतकी लहान की कोर्टात कुणी नेणार नाही, आणि इतकी मोठी की कुणी सोडूनही देणार नाही. आमच्या खान्देशात लग्नसराईत रोज शेकडो कुटुंबं भाड्याच्या गाडीनं प्रवास करतात, आणि गाडीत काही सांडलं, फाटलं, तुटलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. या वेळी दोन्ही बाजू माझ्याच टेबलासमोर येऊन बसल्या, म्हणून सगळं नीट विचारता आलं. दोघांची परवानगी घेऊन, नावगाव वगळून ते इथं मांडते आहे.

मे महिन्यातला दुसरा आठवडा. प्रवासी म्हणजे एक प्राथमिक शिक्षक, त्यांची पत्नी आणि सत्तरीच्या पुढची आई. बहीण नाशिकला दिली आहे, तिच्याकडे निघाले होते. आदल्या दिवशी गावातल्याच चालकाला फोन करून जाऊन-येऊन भाडं ठरवलं. गाडी सात आसनी, सीएनजीवर चालणारी, पिवळ्या पाटीची, हप्ता अजून चालू असलेली. डिकीचा बराचसा भाग सीएनजीच्या टाकीनं खाल्लेला, त्यामुळे दोन बॅगा वर कॅरिअरवर बांधल्या, एक मागच्या सीटवर ठेवली, आणि आजींच्या हातातली चिनी मातीची बरणी उरली. बरणीत पाच किलो कैरीचं लोणचं, वर चार बोटं शेंगदाण्याचं तेल, तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा.

बरणी कुठं ठेवायची यावर दारातच बोलणं झालं. चालकानं ती स्वतः उचलून चालकाच्या सीटमागे, आजींच्या पायाशी ठेवली आणि शेजारी कपड्यांची पिशवी घट्ट खोचली. आजींचं म्हणणं, "मी त्याले सांगेल व्हतं, बरनी जपीसन ठेव." चालकही हे नाकारत नाही.

धुळं ओलांडून अवधानच्या पुढं चहाला थांबले. तिथून निघाल्यावर लळिंगच्या घाटात पुढच्या ट्रकच्या मागून एक मोटारसायकल अचानक आडवी आली आणि चालकानं कचकन ब्रेक दाबला. बरणी सीटच्या लोखंडी पट्टीवर आपटली आणि मधोमध उकलली.

पुढचं मी स्वतः पाहिलं, कारण चालकानं गाडी माझ्या ऑफिससमोर आणून उभी केली होती. मधल्या सीटचं कव्हर उजव्या बाजूनं तांबडं-पिवळं झालं होतं. तेल कव्हरच्या शिलाईतून आत जाऊन फोममध्ये मुरलं होतं. सीट पुढं-मागं सरकवायच्या पट्टीत मोहरीची डाळ अडकली होती, सीट अर्ध्यावर येऊन थांबायची. पट्ट्याचं बकल दाबलं की आत मसाला करकरायचा. चार दरवाजे उघडे ठेवूनही हिंगाचा आणि तेलाचा वास गाडीबाहेर दहा पावलांवर येत होता. अशा गाडीत लग्नाचं वऱ्हाड बसणार नाही हे चालकाचं म्हणणं मला तिथंच पटलं.

पण त्याआधी नाशिकला एक गोष्ट घडली होती, तिच्यापासून सुरुवात करावी लागली. बहिणीच्या दारात सामान उतरवताना चालकानं एक बॅग खाली दिली नाही. "पैसे द्या, मग बॅग न्या." शिक्षकांनी रात्री साडेनऊला मला फोन केला. बॅगेत आजींची रक्तदाबाची औषधं होती.

मी चालकाशी बोलले. बॅग अडकवून ठेवायचा अधिकार कुणाला आणि कधी, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये स्पष्ट आहे. कलम १७० प्रमाणे ज्यानं त्या वस्तूवरच श्रम किंवा कौशल्य खर्च केलं, त्याला त्या मजुरीपुरती वस्तू अडवता येते. शिंपी कापड अडवू शकतो, घड्याळजी घड्याळ. कलम १७१ मधला सर्वसाधारण हक्क बँका, आडते, वकील अशा मोजक्यांना आहे. सीटच्या नुकसानीपोटी प्रवाशाची बॅग ठेवून घ्यायची मुभा यात कुठंच नाही. शिवाय पैसे काढण्यासाठी कुणाला गाडीतच अडवून ठेवलं, दारं लॉक केली, तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गैरप्रकारे अडवणं आणि डांबणं होऊ शकतं. इथं माणसं अडवली नव्हती, फक्त बॅग होती. मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुमचं नुकसान झालंय हे मान्य. पण बॅग धरून बसलात तर उद्या तुमच्या नुकसानीबद्दल कुणी बोलणारच नाही, सगळे बॅगेबद्दलच बोलतील." त्यानं पंधरा मिनिटांत बॅग वर नेऊन दिली. पुढची बोलणी शक्य झाली ती या एका गोष्टीमुळे.

परत आल्यावर चालकाचा पहिला प्रश्न होता की पोलिसांत गुन्हा नोंदवता येईल का. नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस हा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये आहे, पण त्याला नुकसान करण्याचा हेतू लागतो किंवा नुकसान होण्याची शक्यता आहे याची जाणीव लागते. लोणचं सांडावं म्हणून कुणी पाच किलोची बरणी नाशिकला नेत नाही. हा दिवाणी मामला आहे, पैशांच्या भरपाईचा.

शिक्षकांचं म्हणणं याच्या अगदी उलट टोकाला. ते म्हणाले, "मॅडम, अपघात तो अपघात. आम्ही भाडं दिलंय. यात आमचा काय संबंध?" तेही चूक. भाडं म्हणजे वाहतुकीचा मोबदला. सीट खराब करायची परवानगी त्यात येत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एकच प्रश्न आहे, आणि अशा भांडणांत तोच कुणी विचारत नाही: काळजी कुणी घ्यायला हवी होती, आणि ती घेतली का? प्रवाशाच्या हातून नुकसान झालं एवढ्यानं तो देणेकरी होत नाही. त्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. वाजवी काळजी घेऊनही जे टळलं नसतं, त्याचा बोजा ज्याचा त्याला. सीटचं जुनं शिवण बसल्या बसल्या उसवलं, आधीच सैल असलेलं खिडकीचं हँडल हातात आलं, तर प्रवाशानं भरपाई का द्यावी? उलट, गाडीत गुटखा थुंकला, सीटवर पेटती काडी पाडली, तर द्यायलाच हवी.

इथं एका मुद्द्यावर वकील मंडळीसुद्धा घोळ घालतात. भाड्यानं घेतलेली वस्तू सांभाळायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, कारण वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली असते. करार अधिनियमाची १४८ आणि १५१ ही कलमं त्याबद्दल आहेत. स्वतः चालवायला गाडी नेली तर ती लागू होतात. चालकासह गाडी केली तर गाडी चालकाच्याच ताब्यात राहते. कुठं थांबायचं, सामान कुठं ठेवायचं, किती वेगानं जायचं, हे सगळं त्याच्या हातात असतं. म्हणून "गाडी तुमच्याकडे होती, तुम्ही भरा" हा युक्तिवाद इथं चालत नाही. चालकाला प्रवाशाची नेमकी चूक दाखवावी लागते.

ती चूक सापडायला मला दोन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत दोघंही ब्रेकवरच भांडत होते. चालकानं ब्रेक जोरात मारला हे खरं, पण समोर मोटारसायकल आलेली असताना त्यानं दुसरं काय करायचं होतं? ब्रेक मारणं हेच त्याचं कर्तव्य. मग बरणी ठेवण्यावर वाद झाला. जागा चालकानं निवडली होती, पण ठेवताना आधार म्हणून पिशवी खोचली होती. इथं काहीतरी जुळत नव्हतं. इतकी घट्ट बसवलेली बरणी एका ब्रेकनं पट्टीपर्यंत गेली कशी?

दुसऱ्या बैठकीत मी सहज विचारलं, चहाला थांबलात तेव्हा पाणी कुणी प्यायलं? शिक्षकांची पत्नी म्हणाल्या, "यांनी बाटली काढली की पिशवीतून." पिशवी म्हणजे तीच, बरणीशेजारी खोचलेली. बाटली काढायला शिक्षकांनी ती ओढून वर सीटवर घेतली आणि ती तिथंच राहिली. बरणीचा आधार गेला होता, आणि चालक त्या वेळी बाहेर चहाचे पैसे देत होता. शिक्षक बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मी विसरलोच होतो."

माझ्या मते प्रकरण इथंच फिरलं. आधार कशासाठी लावला हे त्यांना माहीत होतं, आणि तो काढल्यावर परत लावला नाही. हा निष्काळजीपणा, आणि फुटण्याचं थेट कारणही तोच. मात्र सगळी चूक त्यांची असंही मी म्हणत नाही. तेलानं काठोकाठ भरलेली, फक्त फडकं बांधलेली बरणी चालकानं पाहिली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर नेत नाही, एवढं म्हणायचा अधिकार त्याला होता. तो बोलला नाही. दोघांचीही चूक असली तर भरपाई त्या प्रमाणात वाटून कमी होते, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी अपघाताच्या खटल्यांत वर्षानुवर्षं वापरलं आहे. मी तीन हिस्से प्रवाशाचे आणि एक चालकाचा असं सुचवलं. दुसरा कुणी निम्मं-निम्मं म्हणाला असता तर त्याच्याशी मी भांडले नसते.

आता १८,००० चा आकडा. चालकानं सीटच्या मागे चिकटवलेलं स्टिकर दाखवलं: "गाडीत घाण केल्यास ५,००० रुपये दंड." भाडं आदल्या दिवशी फोनवर ठरलं, तेव्हा या दंडाचा शब्दही निघाला नव्हता. करार झाल्यावर, गाडीत बसल्यावर दिसलेली अट त्या कराराचा भाग होत नाही. आणि समजा होती, तरी करार अधिनियमाचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ च्या फतेहचंद प्रकरणात हे मांडलं, आणि २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात स्पष्ट केलं की नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करायलाच हवं. सीट कव्हरचं नुकसान तर दुकानात जाऊन मोजता येतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ सुद्धा नुकसानीच्या मानानं अगदीच अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला अनुचित करार म्हणतो, आणि अशी अट रद्द ठरवायचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला देतो. ॲपवरून गाडी मागवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तिथं साफसफाईचा आकार अटींमध्ये आधीच मान्य केलेला असतो, त्यामुळे तो सरसकट नाकारता येत नाही. पण फोटो आणि पावती मागता येते.

मी चालकाला एकेक रकमेची पावती आणायला सांगितलं. त्यानं आणली, आणि मनापासून आणली, याचं मला फार बरं वाटलं. पूर्ण गाडीच्या नव्या कव्हरचा अंदाज ७,५०० चा. आतून धुवायचे २,२०० दिलेले, पक्की पावती. खालची मॅटिंग उचलून साफ करायचे ६००. आणि तीन दिवस गाडी उभी, दिवसाला २,५०० प्रमाणे ७,५००. बेरीज १७,८००, त्याचे त्यानं १८,००० केले होते.

धुण्याचे आणि मॅटिंगचे पैसे वादाचे नव्हतेच. कव्हर फक्त मधल्या रांगेचं खराब झालं होतं, तेवढंच शिवून घ्यायचे २,८०० पडणार होते. शिवाय मूळ कव्हर चार वर्षांचं, कोपऱ्यांत विरलेलं. जुन्याच्या बदल्यात नवं कोरं मिळालं तर चालकाचा फायदा होतो, नि तो प्रवाशाच्या खिशातून होऊ नये. म्हणून निम्मे, १,४००.

सगळ्यात जास्त वेळ बुडालेल्या भाड्यावर गेला. चालकाचा आवाज तिथंच चढला. "मॅडम, मन्हा हप्ता कोन भरी?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मे महिन्यात उभ्या गाडीचा एक दिवस म्हणजे वर्षातला सोन्याचा दिवस. पण दिवसाचे २,५०० हे भाडं झालं, कमाई नव्हे. गाडी उभी असताना गॅस जळत नाही, टोल लागत नाही, टायर झिजत नाही. हे वजा करून त्याच्याच वहीवरून दिवसाचे १,३०० निघाले. आणि दिवस किती? करार अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान आवरतं घ्यायला हाताशी असलेले उपाय केले का, हेही बघावं लागतं. एक दिवस धुण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं सीट सोडवून फोम गच्चीवर उन्हात टाकला; आमच्याकडच्या मेच्या उन्हात तो संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळला. तिसऱ्या दिवशी तो शिक्षकांच्या घरी आणि ओळखीच्या पुढाऱ्याकडे फेऱ्या मारत होता. तो दिवस मी धरला नाही. दोन दिवसांचे २,६००.

एकूण ६,८००. त्याचे तीन हिस्से ५,१००.

गाडी पांढऱ्या पाटीची असती तर हे २,६०० मी धरलेच नसते. परवान्याशिवाय भाडं मारणं मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ६६ च्या विरुद्ध आहे, आणि बेकायदा धंद्याची बुडालेली कमाई मिळवून द्यायला न्यायालय मदत करत नाही. लग्नसराईत घरची गाडी भाड्यानं फिरवणारे आपल्याकडे खूप आहेत. त्यांनी हे मनावर घ्यावं.

विम्याचंही दोघांनी विचारलं. सक्तीचा तृतीय पक्ष विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, स्वतःच्या गाडीच्या सीटसाठी नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कलम असलं तरी एवढ्याशा रकमेसाठी अनिवार्य वजावट आणि नो क्लेम बोनस पाहता दावा करण्यात राम नाही.

शिक्षकांच्या मेहुण्यांनी मध्येच ग्राहक आयोगाचा विषय काढला. बॅग अडकवली ही सेवेतली त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करता आली असती, आणि सेवेची किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्कही लागलं नसतं. चालकाला मात्र तो रस्ता नाही, कारण तो ग्राहक नाही, सेवा देणारा आहे. त्याला तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं, किंवा दाव्याआधीच लोकअदालतीत. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. मी दोघांना तोच पर्याय सुचवणार होते, गरज पडली नाही.

उलट्या करणाऱ्या मुलांबद्दलही लोक मला विचारतात, म्हणून तेही सांगते. लहान मुलाच्या हातून झालेल्या नुकसानीला आईबाप केवळ आईबाप म्हणून जबाबदार ठरत नाहीत. त्यांची स्वतःची हयगय दाखवावी लागते. मुलाला गाडी लागते हे माहीत असून न सांगणं, थांबा म्हणायचं सोडून रेटत नेणं, ही हयगय. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी लागणं इतकं नेहमीचं की सीटच्या खिशात पिशव्या ठेवणारे चालक मी पाहिले आहेत. अशा चालकाच्या गाडीत पिशवी न वापरता सीट खराब झाली, तर त्याची बाजू नक्कीच भक्कम.

पैसे द्यायच्या दिवशी आजीही आल्या होत्या. सगळे आकडे ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मन्ही बरनी गयी, त्यानं दुख कोनले शे?" ती बरणी त्यांच्या सासूबाईंची. कायद्यानं ते नुकसान बहुतांशी त्यांच्याच घरात राहतं, कारण आधार त्यांच्याच मुलानं काढला. मी त्यांना तसं सांगितलं, पण सांगताना माझा जीव थोडा झाला. चालक उठून त्यांच्या पाया पडला. "माय, मन्हं बी चुकनं. पिशवीमां टाका म्हनाले पाहिजे व्हतं."

शिक्षकांनी ५,१०० रुपये मोबाइलवरून तिथंच दिले. मी दोन ओळींची पावती लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या: लोणचं सांडल्यामुळे झालेल्या नुकसानीपोटी रक्कम मिळाली, आता एकमेकांकडे काही येणं-देणं नाही.

चालक मागं थांबला. ते दंडाचं स्टिकर काढून टाकतो म्हणाला, त्याऐवजी भाडं ठरवताना पाठवायला काहीतरी लिहून द्या. मी लिहून दिलं: तेल, लोणचं, तूप, रसाचा डबा सोबत असेल तर आधी कळवा, झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या. तुमच्या चुकीनं गाडी खराब झाली तर धुण्या-दुरुस्तीचा खर्च पावतीप्रमाणे घेतला जाईल. त्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, अजून एक पाहिजे. मग त्यानं स्वतःच्या हातानं खाली लिहिलं: "मी लावलेलं सामान वाटेत हलवायचं असेल तर मला हाक मारा."